सोरायसिस, कोड, खाजेचा त्रास असणारे कुणी आहेत का इथं? डोक्याला होणाऱ्या त्रासाबद्दल बोलायचंय

मोंढ्यावरचा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचायलो इथं, लिहायलो आज पहिल्यांदाच. मी परभणी जिल्ह्यातला, वय ३५, मोंढ्यात खत-बियाण्याचं दुकान आहे. नऊ वर्षांपासून सोरायसिस, कोपरं, गुडघे, पाठ आणि डोक्यात. औषध कोणतं घ्यावं हे विचारायचं नाहीये, औषध चालूच आहे. जे विचारायचंय ते घरात कुणाला विचारता येईना म्हणून इथं आलो.

मी रोज पहाटे पाचच्या आत उठतो, बायको उठायच्या आधी. बायको आणि लेकरू पलंगावर झोपतात, मी खाली गादीवर, कंबर दुखते असं सांगून ठेवलंय लग्न झाल्यापासून. रात्रभर अंगाची खपली पडते ना, पांढरी, पातळ, ती सगळी चादरीवर सांडलेली असते. चादरीची चारी टोकं हळूच धरायची, मधे गोळा करायचं, कडी वाजू न देता मागचं दार उघडायचं, मोरीपाशी झटकायचं, परत येऊन अंथरायचं, मग ओल्या फडक्यानं गादीच्या कडेची फरशी पुसून घ्यायची. सहा वर्षं झाली लग्नाला, एका दिवसाचा खाडा नाही. पाहुण्याकडं मुक्कामाला जातच नाही मी, सासरवाडीला पण रात्रीच्या गाडीनं परत, लोक म्हणतात दुकानाचा लई लोभ आहे याला. दुसऱ्याच्या घरात पहाटे चादर घेऊन कुठं जाणार सांगा.

मे महिन्यात आमच्याकडं त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री असतंय, पत्र्याचं दुकान, मी फुल बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटण लावून. काळा, निळा रंग घालत नाही, खांद्यावर पडलेलं दिसतं. तीन वर्षांपूर्वी सलूनमधे खुर्चीवर बसलो होतो, त्यानं डोक्यात पाणी मारलं, भांग पाडून बघितला आणि हळूच कानात म्हणला, भाऊ गिऱ्हाईक बघायलेत, तुम्ही सकाळी दुकान उघडायच्या आधी येत जा. चांगल्या शब्दात म्हणला तो, शिवी नाही दिली. पण त्या दिवसापासून मी घरीच मशीननं केस काढतो, आरशासमोर, मागचं हातानं चाचपून.

आता मुद्दा. नऊ वर्षांत पाच डॉक्टर झाले, मलमं दिली, गोळ्या दिल्या, रक्त तपासलं. झोप लागते का, घरी कसं चाललंय, हे एकानंही विचारलं नाही. सगळे एकच म्हणतात, टेन्शन घेऊ नका, टेन्शननं वाढतो हा. मग मला अजून टेन्शन येतं की माझ्याच डोक्यामुळं माझं अंग खराब होयलंय. म्हणजे आजार पण माझा आणि चूक पण माझी. गेल्या वर्षभरात चिडचिड लई वाढली, लेकरू मांडीवर बसायला आलं की मी त्याला खाली उतरवतो, त्याला काय कळतंय. असं कुणाला होतं का? आणि यावर काही करतात का लोक, का असंच चालायचं?

गोदाकाठची_लेक

दादा, चादरीचं वाचून काम बाजूला ठेवलं आणि बसून राहिले.

मला कोड आहे. सात वर्षं झाली. मी झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे, गंगाखेडच्या बाजूला. लोकांना दिसेल असा पहिला डाग कपाळावर, बरोबर टिकलीच्या जागी, टिकलीएवढाच गोल. मी काय केलं, अजून मोठी टिकली लावायला लागले तो झाकायला. डाग वाढला की टिकली वाढवायची. नंतर डॉक्टरनी सांगितलं की टिकलीच्या गोंदात एक केमिकल असतं, काहीजणींच्या कातडीतल्या रंगाच्या पेशी त्यानं मरतात. म्हणजे जे लपवायला वापरत होते त्यानंच वाढत होतं. टिकली बंद केली तर आई म्हणाली, नवरा जिवंत असताना मोकळं कपाळ शोभतं का. सांगा आता, कुणाचं ऐकावं. नंतर कमरेला नाडीच्या जागी आला आणि मग बोटांवर. बोटांवर आला तेव्हा खरं रडले, कारण बोटं झाकता येत नाहीत, खडू हातात धरूनच शिकवावं लागतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू. एक बाई, चांगली ओळखीची, सगळ्यांना बोटानं कुंकू लावत आली आणि माझ्यापाशी आल्यावर पर्समधून काडी काढली. काडीच्या टोकानं लावलं. वाण पण हातात न देता समोर ठेवलं. कुणाच्या लक्षात पण नसेल आलं. मी तिळगूळ घेतला, गोड बोलले, घरी आले आणि तेव्हापासून हळदीकुंकवाला गेले नाही, पाळी आली म्हणून सांगते, चार वर्षं झाली.

लेकरांचं मात्र वेगळं आहे. पहिलीतलं पोरगं डायरेक्ट हात धरून म्हणतं, म्याडम हे काय सांडलं? मी म्हणते, सांडलं नाही रे, माझा रंग थोडा उडालाय. ते म्हणतं बरं, आणि पाटीवर लिहायला लागतं. त्याचं मला काहीच वाटत नाही. मोठी माणसं न विचारता बघतात ना, ते लागतं.

जिंतूरचा_पाहुणा

दोघांना पण सांगतो, राग मानू नका. शेवटी सगळं मनावर असतं. लोकं काय बोलायचं ते बोलतात, आपण मन खंबीर ठेवायचं. सकाळी योगा करा, प्राणायाम करा. आणि पथ्य पाळा, दही लिंबू चिंच बंद, दूध आणि मासे एकत्र कधी नाही. आमच्या मावसभावाचं एका वैद्याच्या पुड्यांनी महिन्यात साफ झालं होतं.

गोदाकाठची_लेक

पाहुणे, तुम्ही चांगल्या मनानं सांगितलं. पण मी माळकरी घरातली, मासा ताटात काय डोळ्यानं पण जवळून बघितला नाही कधी, तरी झालंच ना कोड. लग्नानंतर तीन वर्षं सासूबाईंनी माझं दही, ताक, लिंबू, टोमॅटो सगळं तोडलं. पोळ्याच्या दिवशी सगळ्यांना कढी आणि मला वेगळं वरण. डाग तसूभर कमी झाला नाही, फक्त पंगतीत मी वेगळी आहे हे दर जेवणाला सगळ्यांना दिसायचं. पथ्याचा पण ताण असतो हो.

मोंढ्यावरचा

पुड्यांचं माझ्याकडून ऐका. मी पण घेतल्या आहेत, दुसऱ्या वर्षी, सांगोवांगी कळलेल्या माणसाकडून, डबीवर नाव नाही गाव नाही. वीस दिवसात अंग आरशासारखं. गावभर सांगत सुटलो. चेहरा गोल व्हायला लागला, भूक वाढली, मला वाटलं तब्येत सुधारायली. पैशाची अडचण आली म्हणून एका महिन्यात पुड्या थांबवल्या तर पंधरा दिवसात पायापासून मानेपर्यंत लालभडक, ताप, थंडी, बारीक पू धरलेल्या पुळ्या. अकरा दिवस ॲडमिट. डॉक्टर म्हणले पुडीत स्टिरॉइड होतं. त्या अकरा दिवसांपेक्षा त्याच्या आधीचे वीस दिवस मला जास्त आठवतात, कारण बरं झालो वाटलं होतं आणि ते परत काढून घेतलं कुणीतरी.

स्किन_रेसिडेन्ट

मी मराठवाड्यातल्याच एका मेडिकल कॉलेजला स्किनला पीजी करतेय. नाव-गाव सांगत नाही, पण हे वाचून न लिहिता राहवेना. ओपीडीत एका पेशंटला तीन-चार मिनिटं मिळतात आमच्याकडं, हे कारण नाही, पण असं घडतं. दादा, नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही ही आमचीच चूक.

आधी 'टेन्शननं होतं' याचा गुंता सोडवते. सोरायसिस तुमच्या डोक्यानं तयार केलेला नाही. त्याला जनुकं लागतात आणि रोगप्रतिकारशक्ती बिघडावी लागते. साधारण माणसाची वरची कातडी तयार होऊन गळून पडायला महिनाभर लागतो, सोरायसिसच्या चट्ट्यावर तेच काम तीन ते पाच दिवसात उरकतं, म्हणून ती खपली. कोडात आपल्याच पेशी रंग बनवणाऱ्या पेशींना परक्या समजून मारतात. दोन्ही आजार शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका टॉवेलनं, अजिबात लागत नाहीत. लेकराला खुशाल मांडीवर घ्या.

ताणानं आजार उसळतो हे मात्र खरं. पोटात गर्भ असताना कातडी आणि मेंदू एकाच बाहेरच्या थरातून बनतात, पुढं आयुष्यभर दोघांचं बोलणं चालूच असतं. ताण आला की शरीरातली रसायनं बदलतात, कातडीतल्या नसांची टोकं पण काही रसायनं सोडतात, त्यानं खाज आणि सूज वाढते. खाजेनं झोप मोडते, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी ताण जास्त, की परत खाज. हे चाक आहे. ते फिरायला तुम्ही सुरुवात केली नाही, पण दोन्ही बाजूंनी ब्रेक लावता येतो. नुसतं मलम म्हणजे एकाच बाजूनं ब्रेक. 'टेन्शन घेऊ नका' हे वाक्य म्हणजे उपचार नाही, ताप आलेल्याला तापू नका म्हणण्यासारखं आहे ते.

आणि हे एकट्या तुमचं नाही. युरोपातल्या १३ देशांत स्किन ओपीडीतल्या साडेतीन हजारांवर पेशंटचा अभ्यास २०१५ ला छापून आला. नैराश्य स्किनच्या पेशंटमधे १०.१ टक्के, आणि त्वचेचा आजार नसलेल्यांत ४.३. अतिचिंता १७.२ विरुद्ध ११.१. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ ला सोरायसिसवर ठराव केला, त्यातही या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा विषय आहे.

तुम्ही एक करा. डीएलक्यूआय नावाचा दहा प्रश्नांचा एक कागद असतो, १९९४ पासून जगभर वापरतात. मागच्या आठवड्यात खाज किती झाली, लाज किती वाटली, कपडे कोणते घालायचे यावर परिणाम झाला का, बाजाराला जाणं टाळलं का, जोडीदाराशी, मित्रांशी अडचण आली का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण तीस. दहाच्या वर गेलं म्हणजे आजारानं आयुष्यावर फार मोठा परिणाम केलाय असं धरतात आणि औषध बदलायचं की नाही हे ठरवताना तो आकडा बघतात. चट्टा किती मोठा एवढंच बघायचं नसतं. तुमच्या डॉक्टरांना सरळ म्हणा, मला हा कागद भरायचाय. तीन मिनिटांच्या ओपीडीत तो कागद तुमच्या वतीनं बोलेल.

अजून एक, मानसिक डॉक्टरांकडं गेलात तर सोरायसिस आहे हे पहिल्यांदा सांगा, कारण लिथियमसारख्या काही औषधांनी सोरायसिस वाढतो. आणि सोरायसिसला मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती आठवड्यातून एकदाच असते, विसरून रोज घेतली तर जिवावर बेतते, घरातल्या दुसऱ्या माणसाला पण वार सांगून ठेवा.

ताई, नाडी आणि घट्ट बेल्टच्या जागी डाग येणं हे कोडात होतं, घासलेल्या जागी नवीन डाग उठतो. रुंद पट्टीचं इलॅस्टिक वापरून बघा. आणि दही, लिंबू, टोमॅटो खुशाल खा.

आखाड्यावरून

हे आमच्या वडिलांसाठी लिहायलो. आम्ही वसमतकडले. वडलांचं वय ६२. पाच-सहा वर्षांपासून पावसाळा लागला की पापण्या सुजतात, मान, कोपराची आतली बाजू सगळी जाड, काळी, चिरलेली. रात्रभर खाजवतात, खाटेचा करकर आवाज आम्हाला घरात ऐकू येतो. लोकांनी गावात उठवलं की महारोग आहे. पारावर बसायला गेले की माणसं सरकून बसतात. आता त्यांनी घरी राहणंच सोडलं, शेतातल्या आखाड्यावर राहतात, ताट-तांब्या वेगळा, स्वतःच वेगळा केला, आईनं नाही. नातवाला जवळ येऊ देत नाहीत.

मागच्या महिन्यात संभाजीनगरला घाटी सरकारी दवाखान्यात दाखवलं. पाठीवर पट्ट्या चिकटवून टेस्ट केली, दोन दिवसांनी बघितलं, गाजरगवताची ॲलर्जी निघाली. गाजरगवत! जे आमच्या धुऱ्यावर, आखाड्याच्या चारी बाजूंनी कमरेएवढं आहे. म्हणजे ज्या जागी ते लोकांपासून लपायला गेले तीच जागा त्यांना खायली. गावात रिपोर्ट दाखवला, महारोग नाही, लागत नाही, गवत आहे म्हणून. लोक हो म्हणले. पण वडील काही घरी यायला तयार नाहीत, म्हणतात राहू द्या मला इथंच, किती दिवस राहिलेत आता. हे 'किती दिवस राहिलेत' मला लई खटकायलं. आता काय करावं?

समुपदेशक_नांदेड

आखाड्यावरून, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आज संध्याकाळी दोन गोष्टी करा, वाट बघू नका.

आखाड्यावर फवारणीची औषधं ठेवलेली असतील. ती आजच तिथून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली वडलांकडं नको. त्यांच्यावर संशय म्हणून नाही. अशा मनःस्थितीत वाईट घटका येते आणि जाते, त्या घटकेला हाताशी काही नसलं की माणूस वाचतो.

दुसरी, त्यांच्या शेजारी खाटेवर बसा आणि सरळ विचारा, दादा, जगावं वाटत नाही असं मनात येतं का. विचारल्यानं डोक्यात येईल अशी भीती सगळ्यांना असते, तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. हो म्हणले तर त्यांना एकटं ठेवू नका आणि जिल्हा रुग्णालयात मानसिक विभागात घेऊन जा. रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४१६ लावा, सरकारी टेलिमानस आहे, २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः पण लावू शकता, पेशंटनंच लावावा असं नाही.

आखाड्यावरून

औषधं हलवली. दुकानाच्या माळ्यावर नेऊन टाकली. विचारतो आज जेवल्यावर.

लातूर_पॅटर्न

दादा-ताईंनो मी लहान आहे, १९ वर्षे, लातूरला नीटचा रिपीटर. माझं दुखणं तुमच्याएवढं मोठं नसेल पण सांगते. होस्टेलवर मैत्रिणीनं एक क्रीम दिलं पिंपल्ससाठी, मेडिकलवर चिठ्ठी न बघता मिळतं. चार दिवसात चेहरा गोरा, गुळगुळीत. आठ महिने लावलं. आता लावलं नाही की चेहरा लाल होऊन भाजल्यासारखा पेटतो, पिंपल्स दुप्पट, गालावर बारीक लाल शिरा दिसतात, हनुवटीवर लव वाढलीय. क्लासमधे शेवटच्या बाकावर बसते, ओढणी बांधून, डाऊट विचारायला उठत नाही. टेस्टला मार्क ६१० वरून ४८० वर आले. घरी वाटतं मोबाईल बघते. मी मोबाईल नाही, आरसा बघते. रात्री दोनला बाथरूमच्या आरशात टॉर्च लावून.

स्किन_रेसिडेन्ट

बाळा, तुझं दुखणं लहान नाही. आमच्या ओपीडीत रोज अशा चार-पाच मुली असतात. त्या क्रीममधे स्टिरॉइड असणार. गजकर्णाला पण लोक हेच मिक्स क्रीम लावतात आणि गजकर्ण हटता हटत नाही. २०१८ ला सरकारनं अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा यादीत टाकली, तरी काउंटरवर मिळतात हे तुझ्यासारखेच सांगतात. एकदम तोडू नकोस, स्किनच्या डॉक्टरला दाखव, ते टप्प्याटप्प्यानं सोडवतील. काही महिने लागतील, मधे वाईट दिवस येतील, ते उतरतात. क्रीमची डबी फेकू नकोस, घेऊन जा, म्हणजे त्यात काय होतं ते कळेल. आणि आईला मार्कांच्या आधी चेहऱ्याचं सांग.

मावशी_अंबाजोगाई

मी विचारू का नको असं करत होते. माझ्या मुलीला पाठीवर आणि पोटावर कोड आहे, कपड्यात दिसत नाही. स्थळं यायलेत. घरात दोन पक्ष पडलेत. तिचे चुलते म्हणतात दिसत नाही तर सांगायचं कशाला, लग्न झाल्यावर कळलं तर कळलं, सोडतात थोडंच. मुलगी म्हणते मी बायोडाट्यातच लिहिणार. तिनं लिहिलं पण. पाच स्थळं परत गेली, दोघांनी फोन पण उचलला नाही. तिचं जेवण कमी झालंय. मला वाटतं चुलत्यांचं ऐकावं का?

जिंतूरचा_पाहुणा

मावशी सांगूच नका. लोकांची लायकी नाही खरं ऐकायची.

गोदाकाठची_लेक

मावशी, मी उलटं सांगते, आणि स्वतःच्या अनुभवावरून सांगते. माझं लग्नाआधी फक्त पायाच्या बोटावर एक ठिपका होता, कुणाला सांगितलं नाही, आईनं शपथ घातली होती. लग्नानंतर वाढलं. माझ्या नवऱ्यानं मला कधी टाकून बोललं नाही, पण एकदा म्हणाले, तू मला सांगितलं असतं तरी मी हो म्हणलं असतं, न सांगितलेलं मला बोचतं. त्या एका वाक्यानं माझी झोप गेली, डागानं नाही गेली. तुमच्या मुलीनं बायोडाट्यात लिहिलं ना, तिच्या अंगावर रोज रात्री काही झाकायचं ओझं राहणार नाही. पाच स्थळं गेली म्हणजे पाच चुकीची घरं परत गेली.

एक माहिती. पुण्यात श्वेता असोसिएशन म्हणून संस्था आहे, डॉ. माया तुळपुळे यांनी काढलेली, त्यांना स्वतःला कोड आहे. कोड असलेल्यांचे वधू-वर मेळावे घेतात ते. मी गेले होते एकदा, लग्न झालेलं असून. हॉलमधे एवढे सगळे माझ्यासारखे हात आणि कुणीच खिशात घातलेले नाहीत. मी बसमधे परत येताना ग्लोव्ह्ज घातलेच नाहीत.

मावशी_अंबाजोगाई

तुझं मुलीला वाचून दाखवते. अजून एक, चुलते म्हणतात कोड म्हणजे कायद्यानं घटस्फोट मिळतो, खरं का?

समुपदेशक_नांदेड

नाही मावशी. कायद्यात होता तो कुष्ठरोग, कोड नव्हता. आणि कुष्ठरोग पण २०१९ च्या दुरुस्तीनं घटस्फोटाच्या कारणातून काढून टाकला, कारण तो औषधानं पूर्ण बरा होतो. आपल्याकडं कोडाला श्वेतकुष्ठ म्हणतात त्यानं हा घोळ झालाय. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्याला टाचणी लागली की कळते, कुष्ठाच्या चट्ट्याला बधिरपणा असतो. चुलत्यांना हे शांतपणे सांगा. आणि मुलीचं जेवण कमी झालंय हे तुम्ही ओळीच्या शेवटी लिहिलंय, माझ्या मते ते पहिलं आहे. स्थळांची चर्चा एक-दोन महिने घरात बंद ठेवता येईल का बघा.

जिंतूरचा_पाहुणा

मी वर जे लिहिलं ते परत वाचलं. मावसभावाला आज फोन केला पुड्यांचं विचारायला. त्याचं परत आलंय, गेल्या वर्षीच, त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणला तूच सगळ्यांना सांगत फिरायलास बरं झालं म्हणून, मग मी कोणत्या तोंडानं सांगू. ताई, दादा, माफ करा. त्याला या धाग्याची लिंक पाठवली आहे.

आखाड्यावरून

विचारलं वडलांना. लई वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणले, येतं कधीकधी. मग म्हणले, तुझ्या मायला सांगू नको. रात्री मी आखाड्यावरच झोपलो त्यांच्यापाशी. काल परभणीला मानसिक ओपीडीत नेलं, रात्रीची गोळी दिली, म्हणले झोप लागेल आणि खाज पण उतरेल त्यानं. आखाड्याभोवतीचं गवत दोन मजूर लावून काढलं, वडलांना तेवढे दिवस घरी ठेवलं, गवताच्या निमित्तानं आले घरी. अजून ताट वेगळंच घेतात.

मोंढ्यावरचा

सहा आठवडे झाले धागा काढून, सांगायचं राहिलं होतं.

डॉक्टरकडं गेलो आणि कागद मागितला. त्यांनी कपाटातून शोधून काढला, थोडं वेगळ्या नजरेनं बघितलं माझ्याकडं, पण दिला. माझे १९ मार्क आले तीसपैकी. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, एवढा त्रास होता तर बोलला का नाहीत. मी म्हणलं, तुम्ही कोपर दाखवा म्हणला होता, मी कोपर दाखवलं. उपचार बदलले, आठवड्यातून दोनदा प्रकाशाच्या मशीनमधे उभं करायलेत, आणि खालच्या मजल्यावर मानसिक ओपीडीला चिठ्ठी दिली. तिथल्या मॅडमनी गोळी नाही दिली, बोलायला बोलावतात, पंधरा दिवसातून एकदा. त्यांनी पहिलं काम दिलं ते असं, की जी गोष्ट रोज लपवून करता ती एका माणसाला सांगायची.

मी बायकोला सांगितलं. रात्री लेकरू झोपल्यावर. चादरीचं सांगितलं, कंबरेचं खोटं होतं ते सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. मग म्हणाली, मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. तुम्ही मागचं दार उघडलं की मला जाग येते. तुमचं झाडून होईपर्यंत मी डोळे मिटून पडून राहते, तुम्हाला वाटू नये म्हणून. म्हणजे सहा वर्षं आम्ही दोघं पहाटे पाचला जागे, ती पलंगावर आणि मी मोरीपाशी. आणि मग मला एकेक आठवायला लागलं. माझे शर्ट तीच आणते, आणि सहा वर्षांत एकही गडद रंगाचा आणला नाही तिनं. मला वाटायचं तिला फिका रंग आवडतो.

आता चादर ती झटकते कधी, कधी मी. उजाडल्यावर, पुढच्या अंगणात. सगळं बरं झालं असं नाही, मागच्या आठवड्यात परत गुडघ्यावर वाढलं आणि दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. सलूनला अजून गेलो नाही.

गोदाकाठची_लेक

दादा, वहिनींना नमस्कार सांगा माझा.

लातूर_पॅटर्न

आईला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आली. डबी घेऊन गेलो डॉक्टरकडं.

मोंढ्यावरचा

आखाड्यावरून, तुमच्या वडलांचा मंगळवारी परभणीला नंबर आहे असं मेसेजमधे म्हणला होतात, माझा पण मंगळवारीच आहे. मी दहाला केस पेपरच्या खिडकीपाशी थांबतो. दादांना सांगा डबा आणू नका, आमच्या घरून दोघांचा येईल, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. एकाच ताटात खाऊ, तिथल्या लिंबाखाली.

आखाड्यावरून

सांगितलं त्यांना. म्हणले, बघू. मग अर्ध्या तासानं विचारलं, किती वाजता निघायचं.